भरल्या गाडीचं वजन

कॉटन क्रीक, मॉन्टाना
११ एप्रिल

प्रिय आयोन,

ऑरिन गेल्यावर तू लिहिलेलं पत्र माझ्याकडे आहे. त्याला उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच, दोन हिवाळे गेले. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही. तू ‘काय? काय?’ करत राहतेस आणि मला धड रडताही येत नाही. म्हणून हे पत्र.

या उन्हाळ्यात तुमच्याकडे यायचं ठरवलंय. तुझ्या भावाशी इतकी वर्षं संसार केला, पण त्याच्या बहिणीच्या दारातला समुद्र काही पाहिला नाही. पेरणी, कापणी, धान्याचं कोठार, दरवर्षी काही ना काही निघायचंच. घरात तुमच्याकडे जागा नाही हे मला माहीत आहे. पुढच्या खोलीत एल्डनचा पलंग लावलाय असं तू लिहिलं होतंस. शिवाय बिस्किट (आमचं कुत्रं) परक्या घरात रात्रभर भुंकतं. म्हणून पिकअपमागे ओढत न्यायचा, आत राहायचा ट्रेलर घ्यावा आणि तुमच्या अंगणात लावावा असा विचार आहे.

नवऱ्याला विचार, एल्डनला. त्याने जन्मभर ट्रेलर ओढलेत. ऑरिनचा पिकअप त्याला ठाऊक आहे, शेतावरचा दांडगा नव्हे, मधल्या मापाचा. मी फिरत्या वाचनालयातून दोन पुस्तकं आणून वाचली, पण पुस्तकाला माझा पिकअप कुठे माहीत? जास्तीत जास्त किती ओढेल ते मी विचारत नाही. आरामात किती ओढेल ते विचारतेय.

तुझी,
वर्डा


ग्रे पॉइंट, ऑरेगॉन
२४ एप्रिल

प्रिय वर्डा,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले. मग एल्डनला वाचून दाखवलं, आणि तेव्हापासून तो माझ्या मागे लागलाय, ‘लिही, लिही.’ झटका आल्यापासून त्याचा उजवा हात चालत नाही. जीभ चालते, पण सावकाश. नाताळनंतर एवढं बोलताना मी त्याला पाहिलं नव्हतं. आता तो सांगतो तसं लिहिते.

‘वर्डी, विक्रीवाला एक मोठा आकडा सांगेल. तो विसर. तो आकडा रिकाम्या पिकअपचा, सपाट रस्त्याचा आणि एका काटकुळ्या ड्रायव्हरचा असतो. तू आधी ड्रायव्हरचं दार उघड. चौकटीवर एक चिकटपट्टी आहे. माणसं आणि सामान मिळून पिकअपच्या पाठीवर किती चालेल ते तिच्यावर लिहिलंय. ट्रेलर नुसता मागून येत नाही. त्याचा दांडा पिकअपच्या पाठीवर बसतो. ट्रेलरच्या शंभर पौंडांतले बारा-तेरा तिथे धर. मग तू, कुत्रं, आणि जे काय कोंबशील ते. ओढायची ताकद संपायच्या आधी पाठ भरते. फसतात ते इथेच.

‘कागदावरचं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात पाणी नाही, गॅसच्या टाक्या नाहीत, तुझा बिडाचा तवा नाही. आणि पुस्तकं? ही बाई पुस्तकं घेतल्याशिवाय कोपऱ्यावर तरी जाते का? वर हजार पौंड धर. सगळं भरून चार हजार म्हणजे उत्तम, साडेचार म्हणजे हद्द. घाट चढण्याचं मी बोलत नाही. घाट उतरायचेत.’

शेवटी म्हणाला, ‘ऑरिनची लोखंडी पेटी अजून पिकअपमध्येच आहे का विचार. असली तर उतरव. तिच्यात त्याच्या लग्नाआधीचे नटबोल्ट आहेत.’

लवकर ये. त्याला बोलायला माझ्याशिवाय दुसरं माणूस हवंय.

तुझी,
आयोन


कॉटन क्रीक
१५ मे

प्रिय आयोन,

ट्रेलर घेतला.

ऑरिन आजारी पडायच्या आदल्या शरदात आम्ही जत्रेला गेलो होतो. तिथे ट्रेलर मांडले होते. एकात ऑरिन शिरला, बूट न काढता पलंगावर आडवा झाला, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘वर्डा, हाच.’ त्याचे पाय कुठल्या पलंगावर पुरे पडत नसत हे तुला माहीत आहे. त्या पलंगावर पुरले. अगदी तसलाच एक, थोडा वापरलेला, मला मिळालाय. खिडकीपाशी समोरासमोर दोघांना बसता येईल असं टेबल आहे. सकाळी मी कॉफी घेऊन तिथे जाऊन बसते. अजून अंगणातच उभा आहे, पण बसते.

वजनाचं म्हणशील तर बेतात आहे. एल्डनला म्हणावं काळजी करू नको. पेटी अजून उतरवलेली नाही. दोनदा हात लावला आणि परत आले.

तुझी,
वर्डा


ग्रे पॉइंट
२६ मे

वर्डा,

एल्डन विचारतोय, ‘बेतात म्हणजे किती?’ तो म्हणतो, ऑरिन मावेल असा पलंग आणि वर दोघांचं टेबल, ‘हे बेतातलं नाही, हे चाकांवरचं घर आहे.’ सगळं भरून एकदा कोठारावर नेऊन वजन कर, असं त्याचं म्हणणं आहे. गावात वजनकाटा आहे, त्या काट्यावर तुझ्या नवऱ्याने जन्म काढला. तुला का कोणी नाही म्हणणार आहे?

दुसरं माझं स्वतःचं. तू उडवाउडवी करतेस तेव्हा मला वाटतं, तुला यायचंच नाही आणि तोंडावर सांगता येत नाहीये. तसं असेल तर सरळ लिही. मी काही खाणार नाही तुला.

आयोन


कॉटन क्रीक
६ जून

प्रिय आयोन,

यायचं नसतं तर ट्रेलर कशाला घेतला असता? कोंबड्या ठेवायला?

वजन केलं. सगळं भरून चार हजार दोनशे. काट्यावर गर्दी नव्हती. आता झालं ना एल्डनचं समाधान?

पुढच्या शनिवारी नदीवरच्या धरणापाशी एक रात्र राहून बघणार आहे, सराव म्हणून. ट्रेलर उलटा मागे नेऊन जागेवर लावायला मला अजून जमत नाही. शेजारी मुक्कामाला उतरलेले लोक खुर्च्या फिरवून बघत बसतात म्हणे. बघू देत.

वर्डा


कॉटन क्रीक
२१ जून

प्रिय आयोन,

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहिते. मी बरी आहे. बिस्किटही बरं आहे.

नदीकडे उतरणाऱ्या घाटात ट्रेलर डोलायला लागला. शेपूट हलवावं तसा. आधी थोडा, मग रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. ब्रेक दाबला तर आणखी वाढला. समोरून एमिल रुड वर येत होता. तुला आठवत असेल, अंत्ययात्रेत ऑरिनला खांदा देणाऱ्यांत होता तो. त्याने मला जागा दिली आणि स्वतः चरात गेला. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलंय. माझ्या ट्रेलरला नुसता ओरखडा.

पोलिसाला एमिलनेच सांगितलं, ‘आडवा वारा होता. हिच्या जागी दुसरं कोणी असतं तर आम्ही दोघंही नदीत गेलो असतो.’ तेव्हापासून चर्चमधल्या बायका माझ्या दारात घरी भाजलेले केक आणून ठेवतायत. सफरचंदाचा, रुबार्बचा. आत्तापर्यंत पाच झाले. मी काय धीराची बाई आहे म्हणे.

वारा होता.

वर्डा


ग्रे पॉइंट
३ जुलै

प्रिय वर्डा,

तुला काही झालं नाही, देव पावला.

एल्डन जेवत नाही. तुझं पत्र वाचून दाखवल्यापासून तो गप्प आहे. काल संध्याकाळी बोलला. म्हणाला, ‘चार हजार दोनशेला मी हो म्हटलं. त्या वजनाला ट्रेलर असा डोलत नाही, वारा असो नाही तर काही असो. डोलला, म्हणजे माझा हिशोब चुकला. डोक्यात रक्ताची गाठ झालेल्या माणसाने हिशोब सांगायलाच नको होते. ऑरिनच्या बायकोला मी घाटात मारलीच होती, आयोन. आणि त्या एमिलचं हाड मी मोडलं.’

आम्ही दोघं ट्रेलरपुढे उभे आहोत तो फोटो त्याने मला भिंतीवरून काढायला लावला. आता डाव्या हाताने लिहायचा सराव करतोय. एमिलला माफीचं पत्र लिहायचंय म्हणतो. ‘प्रिय’ एवढंच जमलंय, तेही वाचता येत नाही.

मी तुला काही विचारत नाहीये, वर्डा. जे झालं ते कळवतेय.

आयोन


कॉटन क्रीक
९ जुलै

प्रिय आयोन आणि प्रिय एल्डन,

हे पत्र मोठ्याने वाच, आयोन. मध्ये काही गाळू नकोस.

एल्डन, तुझा हिशोब चुकला नव्हता. मी वजन केलंच नव्हतं. चार हजार दोनशे हा आकडा मी स्वयंपाकघरात बसून लिहिला. तू साडेचार ही हद्द सांगितलीस, म्हणून मी तिच्यापेक्षा थोडा कमी टाकला, खरा वाटावा म्हणून.

मला कळत नव्हतं म्हणायलाही सोय नाही. दोन्ही पुस्तकं मी पुरती वाचली होती. विक्रीवाल्याने मोठा आकडा सांगितला तेव्हा मी दाराची चिकटपट्टी वाचलेली होती, मनात बेरीजही झाली होती. तरी मी मान डोलावली. त्या पलंगावर ऑरिन झोपलेला दिसत होता मला. त्याने ‘हाच’ म्हटलेला ट्रेलर त्याच्या पिकअपला झेपत नाही, हे मला कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. एल्डन, तुझ्या तोंडून तर नाहीच.

आणि काट्यावर जायची लाज वाटली. तिथलं तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी सगळे म्हातारे कोठारात कॉफी प्यायला जमतात, आणि बाहेरच्या पाटीवर वजन लाल आकड्यांत उमटतं, हमरस्त्यावरून दिसेल एवढं. वजनकाटेवाल्याची बायको काट्यावर चढणार आणि सगळ्या गावासमोर तिचं वजन जास्त भरणार. म्हणून खोटं लिहिलं. ऑरिनने उभ्या जन्मात एका पोत्याचं वजन खोटं सांगितलं नाही. मी मात्र त्याच्या बहिणीला खोटं वजन कळवलं.

घाटात पिकअपची मागची बाजू बसली होती आणि पुढची चाकं हलकी झाली होती. स्टिअरिंग हातात होतं, पण ते कशालाच जोडलेलं नाही असं वाटत होतं. हे सगळं कळत असताना मी ‘वारा होता’ म्हणाले. एमिल म्हणाला म्हणून मीही म्हणाले. मग ते केक खाल्ले. आयोन, ते मी खाल्ले. चवीला चांगले होते. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. त्या शनिवारी होतं तसंच सगळं भरलं. पाण्याची टाकी गळ्यापर्यंत, तवा, पुस्तकांची खोकी, ऑरिनची पेटी, बिस्किट. मुद्दाम कॉफीची वेळ धरली. ऑरिनच्या जागी आता जोलीन असते, माझ्याच वयाची आहे. तिने खिडकीतून डोकं काढलं.

‘वर्डा, उतरतेस ना?’

‘नाही. आतच बसणार.’

‘अगं, तुला पण तोलू?’

‘घाटात मी आतच होते. तोल.’

ऑरिनचा नियम आठवतो का? काही शेतकरी भरला ट्रक तोलताना आत बसायचे आणि रिकामा तोलताना हळूच उतरायचे, म्हणजे त्यांची पोटंही गव्हाच्या भावात खपायची. ऑरिन खिडकीतून ओरडायचा, ‘आत बसून आलात ना? मग आत बसूनच जायचं!’ त्यावरून गावात किती हशा व्हायचा.

आधी सगळं मिळून तोललं. मग ट्रेलर सोडून नुसता पिकअप, मी आत. पाटीवर दोनदा आकडा आला. वजाबाकी कोणी करून सांगितली नाही. भरला ट्रक, रिकामा ट्रक, मधला गहू किती. बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाने जन्मभर हीच वजाबाकी केलेली. मी एकेकाचा चेहरा बघत होते. कोणाचा हिशोब केव्हा झाला ते कळत होतं, कारण त्यानंतर तो आपल्या कपात बघायला लागायचा.

ट्रेलर सहा हजार एकशे ऐंशी.

एमिल तिथेच होता, हात गळ्यात बांधलेला. मी खाली उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘एमिल, वारा नव्हता.’

‘माहीत आहे.’

‘तुला माहीत होतं?’

‘अगं, समोरून येताना दिसलं ना. तुझ्या पिकअपचं तोंड आभाळाकडे होतं, बदक उडायला निघावं तसं. मी काय आंधळा आहे?’

‘मग पोलिसाला वारा का सांगितलंस?’

त्याने गळ्यात बांधलेला हात सावरला. मग म्हणाला, ‘ऑरिन स्कारच्या बायकोची गाडी जास्त वजनाची होती, हे माझ्या तोंडून निघायला हवं होतं का? त्या मोडक्या हाडापेक्षा ते जास्त दुखलं असतं.’

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी पोलिसालाही फोन करून खरं सांगितलं. दंड झाला, तो भरला.

एल्डन, जेव. फोटो परत लाव. आता तुम्ही ‘येऊ नकोस’ म्हणालात तरी मला समजेल.

वर्डा


ग्रे पॉइंट
२० जुलै

वर्डा,

काही गाळलं नाही. दोनदा वाचायला लावलं त्याने.

पहिल्यांदा ऐकून तो तुला गाढव म्हणाला. मग मला गाढव म्हणाला. मग दोन अंडी मागितली. तो अंडी खात होता आणि मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. मीही चिडले होते, लपवत नाही. पंधरा दिवस तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत होता. तो राग अजून गेलेला नाही. तू आलीस की समोरासमोर काढीन.

दुसऱ्यांदा वाचताना मी पलंगाच्या ओळीपाशी आले तर त्याने हात वर केला. ‘थांब. कुठला पलंग? जत्रेतला? तो ट्रेलर?’ आणि मग जे सांगितलं ते इतकी वर्षं त्याने मलाही सांगितलं नव्हतं, कारण ऑरिनला शब्द दिला होता.

त्या जत्रेनंतर ऑरिनने त्याला फोन केला होता. म्हणाला होता, ‘एल्डन, पंचाईत झालीय. वर्डाला एक ट्रेलर आवडलाय. खिडकीपाशचं टेबल बघून तिचा चेहरा असा काही झाला की मी आपला पलंगावर आडवा झालो आणि हाच म्हणून बसलो. माझ्या पिकअपला तो काही झेपायचा नाही. तिला सांगायचं मला तोंड नाही. आता मोठा पिकअप बघायला लागणार, आणि हे तिला कळू देऊ नकोस.’

त्यानंतर तो आजारी पडला.

एल्डन म्हणतो, तू पत्रात जत्रेचं लिहिलंस तेव्हाच त्याने संबंध जोडायला हवा होता. ‘डोकं मंद झालंय, पण हिशोब बरोबर होता,’ असं दिवसातून चारदा बजावतो. फोटो लावलाय. खाली डाव्या हाताने लिहिलंय ते त्याचं आहे. अर्धा तास लागला. अक्षर लागत नसेल तर सांगते, ‘लहान घे. ये.’

आयोन


कॉटन क्रीक
१२ ऑगस्ट

प्रिय आयोन आणि एल्डन,

एल्डनचं अक्षर लागलं.

टेबलाकडे मी बघत होते हे खरं. मनात म्हणत होते, याला इथे पाय पसरून कॉफी प्यायला बरं पडेल. माझ्यापुरतं टेबल घरात आहे.

मोठा दिला, लहान घेतला. कोठारावर नेऊन तोलला, भरून, मी आत बसून. तीन हजार आठशे चाळीस. पुस्तकांचं एक खोकं कमी केलं, तव्याला हात लावला नाही. ऑरिनची पेटी चौघांनी मिळून उतरवली. एमिल एका हाताने मदत करत होता आणि दोन्ही हातांच्या शिव्या देत होता. पेटी जोलीनच्या खिडकीखाली ठेवलीय. लोक तिच्यावर बसून कॉफी पितात. मी गेले की अजूनही बोलणं जरा थांबतं, मग पुन्हा सुरू होतं. थांबतं तेवढा वेळ मी तिथेच उभी राहते.

जोलीनने शिक्का मारून दिलेली वजनाची चिठ्ठी सोबत आहे. तुम्ही मागितली नव्हती. मीच पाठवतेय.

सोमवारी निघते. घाट दिवसाउजेडी उतरेन, हळू. आयोन, तू तुझा राग तयार ठेव.

काल रात्री अंगणात ट्रेलरमध्ये झोपून पाहिलं. पलंग आखूड आहे. ऑरिनचे पाय गुडघ्यापासून खाली लोंबले असते.

माझे पुरतात.

तुमची,
वर्डा